घोषणा दोनदा

स्टँडवर गाड्या उशिरा येतात, किस्से मात्र वेळेआधीच येऊन बसलेले असतात! नव्वदच्या आसपास मी धुळ्याला स्टँडच्या चौकशी खिडकीत होतो. खिडकी जिना चढून वर, घोषणांचा माईकही त्याच खोलीत. तिथले माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच मुलीचे आहेत.

माईकवर घोषणा करणाऱ्या भास्करनानांची ही मुलगी बेबी, सहा-सात वर्षांची. एकही शाळा तिला ठेवून घेईना. आई कमलबाई नोकरीवरून दुपारी डबा घेऊन येईपर्यंत बेबी नानांच्या मागे स्टुलावर बसायची. आपण बोलू तेच ती परत बोलायची. याला इकोलेलिया म्हणतात, हे आम्हाला फार पुढे कळलं. तेव्हा सगळे म्हणायचे, नुसती पोपटपंची!

*

सोनगीरचे एक आबा खिडकीशी आले. मी जागेवर नव्हतो. त्यांनी बेबीलाच विचारलं, "पोरी, दोंडाईचानी गाडी गई का?"

"दोंडाईचानी गाडी गई का?"

आबा भडकले. "मी तुले इचारस, तू मालेच काय इचारस!"

"मालेच काय इचारस!"

मी आलो तेव्हा दोघांची चांगलीच जुंपली होती. गाडी तेवढ्यात निघून गेली.

*

कँटीनवाला आला की मी बेबीला विचारायचो, "चहा घेणार का?" एक दिवस तीच माझ्याकडे आली. "चहा घेणार का?"

मी म्हटलं, "नको गं, आत्ताच झाला."

ती रडायला लागली. कमलबाई डबा सोडत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, ती तुम्हाला विचारत नाहीये. तिलाच हवाय. चहा येतो तेव्हा तुम्ही हेच म्हणता ना?"

तेव्हापासून बेबीने "चहा घेणार का?" म्हटलं, की मी निमूटपणे बशीत चहा ओतायचो.

*

जळगावहून एक साहेब तपासणीला आले. आवाज खणखणीत. नानांना तासभर शिस्त शिकवत होते. बेबीने आधी कान झाकले. मग नानांच्याच सुरात म्हणाली, "गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी त्वरित बसून घ्यावे!"

साहेब बॅग उचलून निघालेच की! जिन्यात त्यांच्या लक्षात आलं, पण आता परत वर कोणत्या तोंडाने येणार!

*

कमलबाईंचं एकच दुखणं होतं. "अख्ख्या स्टँडचं बोलते. मला एकदा हाक मारत नाही." त्यांना ते लागायचं, आणि त्या ते लपवायच्या नाहीत.

एकदा त्या डबा घेऊन आल्या आणि फलाटावर माहेरची माणसं भेटली म्हणून तिथेच गप्पांत रमल्या. नानांना भूक लागलेली. घरी बायकोला "अगं ए" म्हणणारा हा माणूस थेट माईकवर गेला. "कमलबाई भास्कर पाटील, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपली माणसं वाट पाहत आहेत." नियमाप्रमाणे दोनदा!

कमलबाई लाल होऊन वर आल्या. "चारचौघांत माझं नाव घेता? लाज नाही वाटली?"

पुढे आठवडाभर नानांना डबा मिळाला नाही. कँटीनच्या भज्यांवर दिवस काढले.

*

त्याच वर्षी कमलबाईंची आई आजारी पडली. त्या जामनेरला गेल्या, तिकडेच अडकल्या. बेबी एकदाही रडली नाही. नातेवाईक म्हणाले, "बरंय, हिला काही कळत नाही."

नाना मात्र त्या दिवसांत घोषणाही चुकायला लागले होते.

एका दुपारी नाना माझ्यापाशी उभे राहून चहा घेत होते. बेबी तिकडे खिडकीतून खाली फलाटाकडे बघत होती. जामनेरची गाडी लागली होती, माणसं उतरत होती. आम्हाला काही समजायच्या आत ती माईकपाशी गेली आणि स्पीकर खरखरला.

"कमलबाई भास्कर पाटील, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. आपली माणसं वाट पाहत आहेत."

खाली गाडीच्या दाराशी कमलबाई पिशवी धरून उभ्या होत्या. लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. नाना खिडकीतून ओरडले, "अगं ए, ये ना वर!"

कमलबाई जागच्या हलल्या नाहीत. तिथूनच ओरडल्या, "थांबा हो! घोषणा दोनदा करता ना तुम्ही? दुसरी होऊ द्या!"