वॉर्सॉ ते लिस्बन, केर न काढता

विनिपेगमध्ये आमच्या समोर राहणारी रश्मी सॉफ्टवेअरमधली. तीन टाइम झोनमधल्या लोकांच्या मीटिंगा ती चुटकीसरशी जुळवते. त्या शनिवारी मात्र तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

लिस्बनला एकट्या राहणाऱ्या तिच्या लेकीचं, ईशिताचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याच दिवशी ती हॉस्पिटलमधून घरी आली होती. रश्मीचा पासपोर्ट अजून भारतीय. युरोपचा व्हिसा मिळेपर्यंत टाकेसुद्धा सुकले असते. म्हणून वॉर्सॉत नोकरी करणाऱ्या थोरल्या मुलाला, निमिषला, तिनं विमानात बसायला लावलं. पण ईशितानं पीएचडी सोडली तेव्हा निमिष तिला वाटेल ते बोलला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. तो येतोय हे रश्मीनं कळवलं, तर ईशितानं उत्तरच दिलं नाही.

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाची मंडळी जेवायला यायची होती. मी मदतीला गेले, तर कार्पेटवर चिवड्याची शेव तशीच पडलेली. मी व्हॅक्यूम लावला आणि रश्मीनं प्लगच उपटला. घरचं माणूस प्रवासाला निघालं की पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत. मी वैतागले. पोरगा निघालाय वॉर्सॉहून, तुझ्या विनिपेगच्या कार्पेटचा काय संबंध, असं तोंडावर विचारलं. ती सरळ आमटीकडे वळली.

तिकिटावर निघायची वेळ सहा, पोचायची सव्वानऊ. तिनं सरळ सव्वातीन तास धरले. तेवढे उलटून गेले तरी निमिषचा मेसेज येईना, तेव्हा तिच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. आमटी ढवळायची, खिडकीशी जायचं, परत फोन उचलायचा. शेवटी तिच्या नवऱ्यानं, रविकांतनं, अंतर शोधून दाखवलं. पावणेतीन हजार किलोमीटर, सव्वाचार तास. लिस्बनचं घड्याळ तासभर मागे, हे तू विसरलीस, म्हणाला. एरवी ती ओशाळली असती.

"विमान पोचेल रे," ती म्हणाली. "पण ती दार उघडेल का?"

त्यानंतर मी शेवेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

निमिष उतरल्याचा मेसेज आला. रविकांतनं आशेनं व्हॅक्यूमकडे पाहिलं. उतरलाय, अजून पोचला कुठे, म्हणून रश्मीनं त्याला गप्प केलं. पुढचा वेळ तर जाता जाईना. पाहुण्यांची पहिली गाडी ड्राइव्हवेत शिरली आणि तेवढ्यात फोन वाजला. ईशिता होती. कानाला लावायचा धीर होईना, म्हणून रश्मीनं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, व्हॅक्यूम केलंस?" आवाज दमलेला होता.

"नाही गं."

"मग कर आता. दादा इज हिअर. चहा बर्न करतोय."

दारावरची बेल वाजली. रश्मीनं आधी प्लग लावला, आणि त्या घरघराटात, पाहुणे बाहेर थंडीत उभे असताना, मनसोक्त रडून घेतलं.