पत्रावळ उचलणारा बी.ए.

"मास्तर, तुमी वाढायला नगं. तुमी उष्टं काढा."

मी बुंदीची परात उचलायला वाकलो होतो. समोर पंगत बसलेली. चेअरमनच्या थोरल्या मुलाचं लग्न. चेअरमननी आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. मी परात सोडली आणि चित्रकलेच्या सरांनी ती उचलली. माझ्याकडं बघायचं त्यांनी टाळलं.

आमच्या शिक्षणसंस्थेची ही रीतच. कराडजवळच्या गावात चेअरमनच्या घरी कार्य निघालं की सगळ्या शाळांचे मास्तर राबायला हजर. कुणी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, कुणी गुलाबपाणी शिंपडायचं, कुणी वाढायचं. कामाची वाटणी जात बघून व्हायची. हे सगळ्यांना माहीत, आणि बोलायचं कुणीच नाही. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती. गाव आमच्या वस्तीला म्हारवडाच म्हणायचं.

मी उष्टं काढलं. पत्रावळ कितीही संभाळून उचला, आमटीचा ओघळ मनगटावरून बाहीत शिरतोच. पांढरा शर्ट होता. लग्नाला म्हणून घातलेला.

पंगतीत माझे विद्यार्थी होते. नववीतली एक मुलगी स्वतःची पत्रावळ स्वतः उचलायला लागली. शेजारची बाई तिला म्हणाली, "ठेव गं ती. मास्तर हाय की त्याला."

मुलीनं पत्रावळ खाली ठेवली. मी ती उचलली.

त्यावर चेअरमननी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. "ह्यो आमचा पोस्टाचा बी.ए. शाळंत इतिहास शिकिवतोय."

पाहुणे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

पोस्टाचा बी.ए. म्हणजे काय, तर मॅट्रिक झालो आणि लगेच नोकरीला लागलो. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. दिवसभर पोरांना शिकवायचं, आणि पोस्टानं आलेल्या नोट्स एकट्यानं वाचायच्या. अडलं तर विचारायला कोण? भिंत. कॉलेजची पायरी मी फक्त परीक्षेपुरती चढलो. पेपर लिहिला की एसटी पकडून परत. बी.ए. झालो खरा, पण प्राध्यापक वर्गात बोलतात कसे, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मला एम.ए. करायचं होतं ते सांगलीत, रीतसर नाव घालून, बाकावर बसून. हात वर करून प्रश्न विचारायचा होता. एवढीच हाव होती मला.

त्यासाठी सांगलीच्या कॉलेजात इतिहासाच्या विभागप्रमुखांना जाऊन भेटलो. त्यांनी गुणपत्रिका बघितली.

"बाहेरून केलंय? मग एम.ए. झेपायचं नाही तुम्हाला. वर्गात बसायची सवय लागते."

"तीच लावून घ्यायला आलोय, सर."

त्यांनी वर बघितलं. "संस्थेची परवानगी आणा. मग पाहू."

परवानगी चेअरमनच्या हातात. संस्थेची एक शाळा सांगलीत होती, तिथं बदली मिळाली तर सकाळी कॉलेज आणि दुपारी शाळा जमणार होतं. तीही त्यांच्याच हातात. मी विनंती केली तेव्हा ते म्हणाले, "लगीन पार पडू दे." म्हणून मी पत्रावळी उचलल्या.

लग्न झालं. उन्हाळा सरला. सांगलीत प्रवेश सुरू झाले. मी चेअरमनच्या ओसरीवर खेपा घालत होतो. ते आत चहा पीत बसायचे आणि मी बाहेर जोड्यांपाशी उभा. शेवटी एकदा बाहेर आले.

"मास्तर, लेकीच्या पोराचं बारसं हाय. त्येवढं उरकू दे. तुमच्यागत पटापटा उष्टं काढणारा गडी आमाला गावला न्हाई गड्या."

ते शाबासकी देत होते! मनापासून. बारसं झालं की जावळ नाहीतर वर्षश्राद्ध, ते झालं की दुसऱ्या मुलाचं लग्न. या घरातली कार्यं संपणार नव्हती. मी एम.ए. झालो, तरी हे लोक मला एम.ए. झालेला उष्टं काढणाराच म्हणणार होते. आणि नोकरी सोडू म्हटलं तर घरात चूल कशी पेटणार? कुठूनही वाट नव्हती.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "काढ की आणि एक डाव. कागुद तरी मिळंल."

बारशाला गेलो. मास्तर मंडळी धोतरं-पँटी सावरून कामाला लागलेली. पंगत बसत होती. मी पंगतीत गेलो आणि एका रिकाम्या पत्रावळीपुढं मांडी घालून बसलो.

शेजारचा माणूस अंग चोरून सरकला. चेअरमन आले.

"मास्तर, उठा."

"जेवायला बसलोय. बारशाचं बोलावणं आलं होतं मला."

पाहुणे बघत होते. चेअरमनचा चेहरा लाल झाला, पण पाहुण्यांदेखत त्यांना हात धरून मला उठवता येईना. ते वाढप्यांना म्हणाले, "वाढा रं फुडं."

चित्रकलेचे सर भाताची बादली घेऊन आले. माझ्यापाशी क्षणभर घुटमळले आणि पुढच्याला वाढून गेले. आमटी तशीच पुढं गेली. जिलबीही गेली. मांडीवर हात दाबून धरले होते. भूकही लागली होती. खोटं कशाला सांगू! पण पंगत उठेपर्यंत मी हललो नाही. मग उठलो आणि चपला घालून चालायला लागलो. मागून कुणीतरी विचारलं, "आता उष्टं कोण काढणार?"

त्या घराला हा प्रश्न पहिल्यांदाच पडला असावा.

लगेच बदलीची ऑर्डर आली. सांगलीला नव्हे, लांब दुष्काळी आटपाडीकडच्या शाळेत. ती खिशात घालून सांगलीला गेलो आणि विभागप्रमुखांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "परवानगी नाही तर प्रवेश नाही. बाहेरून द्या की परीक्षा. तुम्हाला सवय आहेच."

आटपाडीला निघालो तेव्हा कराडच्या स्टँडवर आई सोडायला आली होती. ट्रंक टपावर चढवली तरी तिचं एकच चाललं होतं. "आरं, चेरमनच्या पाया पड. तुज्या बानं जल्मभर उष्टं काढलं. म्या काढलं. आमचं काय झिजलं का?"

"झिजलं, आये. तुला कुणी कळूच दिलं न्हाई."

ती पदर तोंडाला लावून परत फिरली. मी तिला हाक मारली नाही.

एसटी सुटली आणि मी मनाशी पक्कं केलं. पुढच्या वर्षी सांगलीला अर्ज करायचा. नाही म्हणाले तर त्याच्या पुढच्या वर्षी. नोकरी गेली तर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडीन, पण एम.ए. करीन ते त्याच वर्गात बसून. घरी बसून, पोस्टानं, बाहेरून, आता काहीसुद्धा करायचं नाही.