ताईच्या रिपोर्टवर तिच्याच थिसिसमधला जीन

ज्या प्रोटीनवर ताईने आठ वर्षं काम केलं, ते तिच्याच शरीरात जन्मापासून बिघडलेलं होतं.

शुभाताई, माझी मोठी बहीण. लालबागच्या चाळीतून थेट लॅबमध्ये गेलेली.

दुसरे जीन चालू-बंद करणारं हे प्रोटीन. पेशी बिघडली की तिला थांबवतं, नाहीतर मारून टाकतं. कोणत्या प्राण्यात ते कसं बदलतं, हे ती शोधायची.

"यीस्टमध्ये ते नाहीच रे. माशीत आहे, माशात आहे. हत्तीकडे तर त्याच्या जीनच्या वीसेक कॉप्या. म्हणून एवढ्या मोठ्या अंगात कॅन्सर क्वचित."

"आणि आपल्याकडे?"

"दोन. एक आईकडून, एक बाबांकडून."

चौतिसाव्या वर्षी तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट केली. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तिचा फोन.

"विन्या, रिपोर्टवर माझ्या थिसिसमधला जीन आहे."

बाबा चाळिशीत का गेले, ते तेव्हा कळलं. आत्या का गेली, तेही.

"तू टेस्ट कर. तुझ्यात असायची शक्यता निम्मी."

परळच्या हॉस्पिटलात तिने तीनदा माझी अपॉइंटमेंट घेतली. मी तीनदा टाळली. ऑफिस, ताप, गणपती.

खरं सांगतो, फाटली होती माझी.

शेवटी ती बेडवरून म्हणाली, "घाबर. पण रक्त देऊन घाबर."

ती गेल्यावर दिलं.

माझ्यातही तोच बिघाड.

हॉस्पिटलच्या जिन्यावर बसलो. आईचा फोन आला. "झिला, काय नाय ना रे?"

मी खोटं बोललो.

पहिल्याच स्कॅनमध्ये मांडीत आत एक गाठ दिसली. छोटी होती. काढली. "अजून वर्षभर थांबला असतात तर..." डॉक्टर म्हणाले.

आता आंघोळ करताना हात आपोआप मानेवर, काखेत फिरतो. साधा खोकला आला तरी घाम फुटतो.

काल इराचं रक्त दिलं. माझी मुलगी, नऊ वर्षांची.

"बाबा, मला काय झालंय?"

"काही नाही गं, चेकिंग."

तिचा हात मी धरला होता. सुई टोचली तेव्हा डोळे मीच मिटले.

रिपोर्ट यायचाय.

नीता, सचिन, तुम्ही आत्याची मुलं. माझे फोन उचलत नाही, मेसेज वाचून गप्प बसता. मी पण तेच केलंय, म्हणून या पोस्टमध्ये सगळ्यांसमोर लिहितोय. टेस्ट करा. मी सोबत येतो.

ताई, आज तुला जाऊन एक वर्ष झालं.

तुझ्या विन्याचा नमस्कार.