मास्तरांच्या बुटांवर नजर

आमच्या लातूरच्या कॉलेजच्या मैदानावर दर रविवारी सकाळी डिस्क गोल्फ चालतो. तबकडी फेकत फेकत न्यायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत घालायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. पंच नसतो, खेळणाऱ्यांनीच एकमेकांवर लक्ष ठेवायचं. हे मला फार मानवलं. भाजीवाल्याचा काटासुद्धा मी दोनदा तपासतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या स्पर्धेला आमच्यातला एकच जण जाणार होता. शेवटी उरलो दोघे, मी आणि चाकूरहून पहिल्या एसटीने येणारे एक शाळामास्तर. त्यांची तबकडी झुडपात गेली असं वाटावं, आणि जाऊन बघावं तर मोकळ्यात. हा माणूस बुटाने ती सरकवतो, याची मला खात्री होती. बायको म्हणाली, तुम्हाला तर देवही लबाड वाटत असेल. मी महिनाभर मास्तरांच्या बुटांवर नजर ठेवली. काहीच सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

शेवटच्या टोपलीला माझा खेळ आधी संपला. मास्तरांची तबकडी आता टोपलीच्या पायाशी जरी पडली असती, तरी ते जिंकलेच असते. आपला खेळ संपला की आपलं सामान वाटेतून उचलायचं, हा तिथला रिवाज. माझी बॅग टोपलीच्या अलीकडेच होती. मला ती दिसत होती.

मास्तरांनी फेकलं. तबकडी बॅगेला थडकली, कडेवर उभी राहिली आणि उतारावरून घरंगळत थेट नालीपर्यंत गेली. नियम असा, की चुकून अडली तर जिथे थांबली तिथूनच पुढे खेळायचं. मुद्दाम अडवली असेल तर अडवणाऱ्याला दोन फेकींचा दंड.

मास्तर जवळ आले. "भाऊसाहेब, बॅग मुद्दाम ठिवली न्हवती ना?"

"न्हाई हो. ध्यानच न्हवतं."

"मग झालं की. तुम्ही म्हणलाव म्हंजे झालं."

ते नालीपाशी गेले, तिथून खेळले आणि एका फेकीने हरले. माझा हात हातात घेऊन त्यांनी अभिनंदन केलं. मला मान वर करवेना. पुण्याला मी जाऊन आलो. तिथे कितवा आलो हे घरी कुणाला सांगितलं नाही.

मास्तर अजून दर रविवारी येतात, तसंच हसून बोलतात. फक्त फेकायच्या आधी माझी बॅग स्वतः उचलून लिंबाखाली नेऊन ठेवतात. का, ते विचारायची माझी हिंमत होत नाही.