मदरबोर्डवरच्या अक्षता
आईचा जुना कॉम्प्युटर हल्ली दोन फाइली उघडल्या तरी धापा टाकायचा. मेमरी वाढवू म्हणून झाकण उघडलं, तर मदरबोर्डवर कुंकवाने लाल झालेले तांदूळ! दर खंडेनवमीला आई त्याची पूजा करते. अक्षता वरच्या जाळीतून आत गेलेल्या. एक दाणा तर नेमका मेमरीच्या रिकाम्या खाचेत.

दाणे ब्रशने झाडले, मेमरीची नवी पट्टी बसवली, बटण दाबलं. पडदा काळाच. आई मागून वाकून बघत होती. तिच्या मंडळाची सगळी भजनं याच्यातच होती. मी पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने घासली, पुन्हा दाबून बसवली. एक बारीक बीप झाला आणि पडदा उजळला.

"आला बाई शुद्धीवर!" आईने श्वास सोडला. मीही.

आपण ज्याचं भलं चिंततो, त्याच्या पोटात ते असं वर्षानुवर्षं साचत असेल का? आणि तो बिचारा बोलतही नसेल.

मी झाकण लावतोय तोवर आई अक्षतांची वाटी घेऊन हजर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने जाळीवर आधी रुमाल अंथरला.