मामांनी पाय हलवला नाही

ग्रंथालयाचं पुस्तक सातच्या आत परत द्यायचं होतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि शेवटची तीस पानं उरली होती. पाच वाजता सदूमामा आले. मामा आले की किमान दोन तास बोलतात. मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकला.

चहा घेऊन बाहेर आलो, तर आमचा कुत्रा बंडू मामांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता. मामांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा. तू वाच तुझं.”

मी वाचू लागलो. मामांनी चहासुद्धा फुरके न मारता घेतला. वाचायला रिकामं घर लागतं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. रिकाम्या घरातली शांतता आपोआप असते. ही मात्र एका बोलक्या माणसाने माझ्यासाठी, निदान बंडूसाठी, राखलेली होती.

साडेसहाला शेवटचं पान संपलं.

“झालं?” मामा कुजबुजले. “मग आता उठव रे या महाराजांना. पाय केव्हाचा बधिर झालाय माझा.”