सतरा फुटांचा उतार

शाळेतली मुलं त्यांना मागून 'थीटा सर' म्हणायची आणि सरांना ते कौतुक वाटायचं, आता बोला. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी काटकोन त्रिकोणानं काही त्यांची पाठ सोडली नव्हती. भिंतीला शिडी लावली की आधी कोन मोजायचा, मग माणूस वर. एकदा विहिरीच्या काठावर वाकून पाण्याची खोली टॅननं काढताना चष्माच आत पडला. सर चाचपडत घरी आले, पण उत्तर घेऊन आले.

बायको हे सगळं हसत निभावून न्यायची. मागच्या वर्षी ती जिन्यावरून पडली, पाठीला मार बसला आणि पाय गेले ते गेलेच. आता ती चाकाच्या खुर्चीत. दाराबाहेर तीन पायऱ्या. त्या उतरायच्या तर खुर्ची उचलायला दोन माणसं लागत. लोकांना सारखं काय बोलवायचं, म्हणून तिनं बाहेर जाणंच सोडलं. एवढी बोलकी बाई, पण खिडकीशी गप्प बसून राहायला लागली. सरांच्या जिवाची नुसती घालमेल व्हायची.

एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, पायऱ्यांवर सिमेंटचा उतार बांधायचा. आता काम म्हणजे शास्त्रशुद्ध! अंगणात फळ्या टाकल्या. मागून आणलेल्या दुसऱ्या चाकाच्या खुर्चीत बायकोच्या वजनाचं धान्याचं पोतं ठेवलं. वजन विचारायची छाती नव्हती, अंदाजच केला, आणि अंदाज भलताच उदार निघाला. फळ्या वरखाली करत सर ते पोतं ढकलत राहिले. आठ अंशांवर त्यांना धाप लागली नाही. उंची दीड फूट, भागिले टॅन आठ, म्हणजे पावणेअकरा फूट. फाटकापर्यंत अंगण अकरा फूट! सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी फरशीवर खडूनं आकृती काढून गवंड्याचा अख्खा तास घेतला. तो बिचारा मान डोलावत राहिला.

बायको दारात येऊन बघत होती. त्या पोत्यावरून तिनं आधी सरांना चांगलं फैलावर घेतलं. मग म्हणाली, "आठ अंश कुणाला झेपतात? मला की तुम्हाला?"

"अगं, ढकलणार मीच ना."

"मग तो उतार तुमचा झाला. मला माझ्या हातांनी चढायचंय."

सर वरमले. पोत्याला हात नसतात आणि बायकोला आहेत, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. मुकाट्यानं फळ्या पुन्हा मांडल्या. गवंड्याच्या मदतीनं तिला अंगणात उतरवलं. या वेळी खुर्चीत ती स्वतः, आणि सर हात मागे बांधून उभे. पाच अंशांवर ती एकटी वर आली, घामाघूम होऊन. पाच अंश म्हणजे सतरा फूट. अंगणात सतरा फूट कुठून आणायचे? उतार वळवून सरांच्या लाडक्या गुलाबांच्या वाफ्यावरून न्यावा लागला. सरांनी आपल्या हातानं रोपं उपटली.

सिमेंट पक्कं झाल्यावर ती निघाली. सरही चपला घालून तयार होते, पण तिनं त्यांना फाटकातच थांबवलं आणि रस्त्याला लागली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच ती घरात नव्हती. सरांना काही सुचेना. चहा केला, तो तसाच गार झाला. चारदा फाटकापर्यंत जाऊन आले.

ती परतली तेव्हा उताराच्या वळणावर थांबून तिनं दम खाल्ला आणि पुन्हा चाकं रेटत वर आली. एवढा वेळ कुठे गेली होतीस, सरांनी विचारलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "नुसती फिरत होते."

सर दारातून बाजूला झाले आणि ती आत गेली.